अण्णांच्या गाडीचा मागचा टायर

आमच्या घरात थोरल्या माणसाला ‘नाही’ म्हणायची पद्धत नाही. ‘मिळालं नाही’ म्हणायची आहे. वडील असताना त्यांच्या मनात एकदा शेळ्या पाळायचं आलं. घरात कुणालाच ते नको होतं. माझे थोरले भाऊ, म्हणजे अण्णा, बाजार हिंडून आले आणि म्हणाले, “चांगली शेळीच मिळंना.” वडील काय ते समजले आणि शेळीचा विषय तिथंच संपला. वडील गेल्यावर अण्णा घरातले थोरले झाले आणि आम्ही त्यांच्याशी तसंच बोलू लागलो. त्यांना दारातला फणस पाडायचा होता, तर आम्हाला झाड तोडणारा माणूस मिळाला नाही. तो फणस अजून उभा आहे आणि त्याचा पहिला गरा अण्णाच खातात. बाहेरच्याला हे ढोंग वाटेल. आमच्या घरी यालाच बोलणं म्हणतात.

मी स्वतः बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यात खरेदीचं खातं सांभाळतो. यंत्राचा कुठलाही सुटा भाग अडला की लोक माझ्याकडे येतात. बेळगावात नाही तर हुबळीला, हुबळीला नाही तर कोल्हापूरला, कुठून तरी वस्तू आणून देणं हीच माझी भाकरी. त्यामुळे माझ्या तोंडी ‘मिळत नाही’ हे शब्द जरा जास्तच जड पडतात. घरातल्यांनी या कामाला नेमकं मलाच पुढं करावं, हे माझं नशीब.

गाडी पुतण्याची. पुण्यात नोकरीला असताना त्यानं ती हौसेनं जुनी विकत घेतली होती: लांबलचक, बसकी, रुंद हँडलची मोटारसायकल. एकट्या माणसाला ती स्टँडवरून उठवतानाच घाम फुटतो. तो परदेशी निघाला तेव्हा गाडी गावी, येळ्ळूरला आणून अण्णांच्या गोठ्याशेजारी लावली आणि सांगून गेला, “पप्पा, आठवड्यातनं एकदा नुसती चालू करा, न्हाईतर बॅटरी उतरंल.” अण्णांनी जन्मभर भात आणि मसूर पिकवली, ट्रॅक्टर हाकला. सांगितलेलं काम अर्धं सोडायची त्यांना सवय नाही. आधी जाग्यावर चालू केली. मग अंगणात फिरवली. मग बॅटरी नीट भरावी म्हणून वेशीपर्यंत नेली, आणि एका रविवारी बॅटरी भरायला ते थेट खानापूरला जाऊन आले. त्यानंतर रविवारी अण्णा घरात सापडेनासे झाले. पायजमा, वर स्वेटर, डोक्यावर पोराचं हेल्मेट. चोर्ल्याचा घाट काय, आंबोली काय, एकही वळण त्यांनी सोडलं नाही.

गावानं गाडीचं नाव म्हस ठेवलं. कट्ट्यावरनं कुणी तरी विचारायचं, “अण्णा, म्हस सोडली काय चरायला?” अण्णा गाडी न थांबवता म्हणायचे, “दूध देत न्हाय, पर शेण बी काढाय लागत न्हाय!” वहिनी कपाळावर हात मारायच्या. “शिंगं मोडून वासरात शिरलेत तुमचे भाऊ,” असं त्या मला म्हणायच्या, पण हसत. मलाही बरं वाटायचं. आमच्यासाठी शाळा सोडलेला माणूस, साठी उलटल्यावर का होईना, स्वतःसाठी काही तरी करत होता.

मग साखर पायात उतरली. मधुमेह जुनाच होता, पण आता तळव्यांना बधिरपणा आला. तो आम्हाला कळला तो वहिनींमुळे. एक दिवस त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “भावजी, यांच्या पायातली चप्पल वाटंतच निसटलेली, आणि हे तसंच शेतापातूर चालत गेलते. एका पायात हाय, एका पायात न्हाय, कळलंच न्हाय त्यास्नी.” आम्ही अण्णांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर अण्णांना म्हणाले, “जरा जपा.” अण्णा बाहेर गेल्यावर मला म्हणाले, “गाडी काढून घ्या त्यांची.” डॉक्टरही आमच्याच घरात वाढले असावेत, असं मला वाटून गेलं.

गाडी काढून घ्या! कशी काढून घेणार? किल्ली लपवणार? वाढत्या वयात ज्यांच्या हातच्या पैशानं मी शिकलो, त्यांच्या खिशातली किल्ली मी उचलणार? आम्ही गप्प बसलो. रविवार येत राहिले. अण्णा जात राहिले, आणि ते परत येईपर्यंत वहिनी उंबऱ्यात तांदूळ निवडत बसत राहिल्या. निवडून झालेले तांदूळ पुन्हा सुपात घेऊन निवडताना मी त्यांना पाहिलंय.

अशात एका सकाळी अण्णांनी हाक मारली. “हिकडं ये रं. मागचा टायर गेलाय बघ. तूच आण की चांगला बघून. तुझं कामच हाय ते.”

मी चाकाशी उकिडवा बसलो. टायर मधोमध सपाट झाला होता. गोल पाठीवर कुणी रंधा मारावा तसा. दोन्ही कडांना मात्र नक्षी जशीच्या तशी. कट्ट्यावरचे दोघं-तिघं बघायला आले आणि कडेला अंगठा दाबून म्हणाले, “लई हाय की अजून! आणि दोन वरसं पळंल.” एकानं तर ट्रॅक्टरच्या टायरसारखं वरनं रबर चढवून घ्यायचा सल्ला दिला. आमच्या भागात टायर म्हणजे ट्रॅक्टरचा नाही तर बैलगाडीचा. तो कडेनं बघायचा, रबर चढवून पळवायचा आणि अगदीच संपला की गोठ्यात गुरांचं पाणी ठेवायला अर्धा कापायचा. मला त्यांचा राग आला. ‘दोन चाकांवरच्या माणसाचा जीव मधल्या चार बोटांत असतो, कडेला नाही,’ असं मी बोललोसुद्धा. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा कडेलाच अंगठा दाबला.

ते गेल्यावर मी एकटाच चाक फिरवत बसलो. मधोमध झिजलेला टायर सरळ रस्त्याचा असतो. गाडी वळणावर कलते तेव्हाच कडा घासतात. म्हणजे चोर्ला, आंबोली केव्हाच बंद झालं होतं. अण्णा आता हायवेला लागायचे, नाकासमोर जायचे आणि नाकासमोर परत यायचे. घरी येऊन घाटाच्या गोष्टी सांगायचे त्या जुन्या. आणखी एक दिसलं. फिरत्या चाकावर मध्येच एका जागी चकचकीत घासलेला डाग होता. थोडं पुढं तसाच दुसरा. लहानपणी सायकलचा ब्रेक करकचून दाबून धुरळा उडवणाऱ्या कुठल्याही पोराला असा डाग ओळखता येईल. चाक फिरायचं थांबलेलं असतं आणि गाडी पुढं घसरत असते, तेव्हा तो पडतो. या गाडीचा मागचा ब्रेक उजव्या पायात आहे. अण्णांच्या पायाला आपण किती दाबतोय हे कळत नव्हतं. मी हात धुऊन जेवायला बसलो आणि ताटावर कुणाला काही बोललो नाही.

चौकशी मी मनापासून केली, सवयच ती. मागचा टायर रुंद, सोळा इंची चाकाचा. पुढचा निराळा, अरुंद आणि मोठ्या घेराचा. पुढचा दिसायला चांगला होता, पण त्याच्या कुशीला बारीक भेगा पडल्या होत्या. टायरच्या अंगावर तो कुठल्या आठवड्यात, कुठल्या वर्षी बनला ते आकड्यांत लिहिलेलं असतं. त्या हिशेबानं पुढचा टायर पुतण्याच्या लग्नाआधीचा निघाला. रबर नुसतं ठेवूनही म्हातारं होतं. म्हणजे दोन्ही बदलायला हवे होते, तेही एका जातीचे. नाही तर पुढचं चाक एक म्हणतं आणि मागचं दुसरं.

खरी अडचण जातीचीच होती. एक टायर कडक रबराचा, वर्षानुवर्षं टिकणारा. पण ओल्या रस्त्यावर तो निसटतो. दुसरा मऊ, रस्ता धरून ठेवणारा, पण भराभर झिजणारा. कारखान्यासाठी मी अशा वेळी डोळे झाकून टिकाऊ माल घेतला असता. इथं मात्र डोकं चालेना. टिकणारा घालावा तर अण्णा तितकी वर्षं गाडी पळवणार. धरणारा घालावा तर आज जीव वाचेल, पण टायर लवकर संपून मी पुन्हा याच चाकाशी उकिडवा बसणार. आणि काहीच घातलं नाही तर ते असल्या गुळगुळीत टायरवर जाणारच. कुठलाही टायर चांगला म्हणायची मला सोय राहिली नव्हती. मी असा हतबल पूर्वी कधी झालो नव्हतो.

तोड वहिनींनी काढली. “मिळंना म्हणून सांगा की. गाडी आपोआप हुबी ऱ्हाईल.” पुतण्यानं तिकडनं व्हिडिओ कॉलवर री ओढली, “काका, कंपनीनं त्यो साईजच बंद केलाय म्हणून सांगा.” बोलताना त्याच्या मागं बर्फ पडत होता. इथं पप्पांच्या समोर उभं राहायचं होतं ते मला.

मी उभा राहिलो. “अण्णा, मिळंना झालाय. साईज बंद झाली म्हणत्यात.”

अण्णा शेंगा फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. “व्हय काय?” म्हणाले. बस्स. मला वाटलं, समजले. शेळी समजली तशी, फणस समजला तसा हा टायरही समजला. दोन रविवार गाडी जाग्यावरच राहिली. वहिनींनी देवापुढं साखर ठेवली. मधुमेहाच्या घरात दुसरं काय ठेवणार?

मग एका कामाच्या दिवशी, मी कारखान्यात असताना, वहिनींचा फोन आला. त्यांना धड बोलता येईना. अण्णा गाडी घेऊन कोल्हापूरला गेले होते. जाताना एवढंच म्हणाले होते, “हिकडं न्हाय तर तिकडं मिळंल. त्याला कारखान्याचं काम असतंय, कशाला तरास द्यायचा?”

आमच्या सीमेवरच्या माणसाची ही श्रद्धा आहे. बेळगावात नाही मिळालं तर कोल्हापुरात मिळतंच. वस्तू या जगात नाही, यावर आमचा विश्वास बसत नाही, ती पलीकडच्या बाजूला असते. आम्ही जन्मभर असंच जगलो, आणि खोटं बोलताना नेमकं हेच विसरलो. अण्णांना कळलं नव्हतं असं नाही. त्यांना कळलं होतं. पण या वेळी त्यांना ऐकायचं नव्हतं, आणि ‘ऐकणार नाही’ म्हणायचीही आमच्याकडे पद्धत नाही.

मी माझी मोटार काढली. फोन लावत होतो, अण्णा उचलत नव्हते. दिवस उसाच्या हंगामाचे होते. सहापदरीच्या कामानं रस्ता जागोजागी वळवलेला, आणि त्यात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर ऊस लोंबकळत डुलत चाललेले. प्रत्येक घोळक्याशी मी मोटार हळू करायचो आणि रस्त्यावर काय पडलंय ते बघायचो. कधी ऊस पडलेला असायचा. कधी नुसती चिपाडं. संकेश्वर गेलं. मी देवाला काय काय बोललो ते लिहीत नाही. देवावर चिडलो होतो, पुतण्यावर चिडलो होतो, त्या फणसावरसुद्धा.

तवंदी घाट उतरून निपाणीच्या अलीकडे अण्णा दिसले. गाडी रस्त्याखाली गवतात सरळ उभी होती आणि ते बाजूच्या दगडावर बसून होते. हेल्मेट मांडीवर. अंगावर ओरखडा नव्हता. मी मोटारीतनं उतरून त्यांच्याजवळ गेलो.

“पुढं ट्रॉली हुती,” ते म्हणाले, जणू मी रोजच इथं येतो. “त्यानं अचानक थांबवली. मी ब्रेक दाबलो. दाबलाय का न्हाय कळंना, म्हणून आणि जोरात दाबलो.” त्यांनी हातानं गाडी कशी सापासारखी वळवळत गेली ते दाखवलं. “देवानंच गवतात आणली.”

मी मागचं चाक पाहिलं. मधल्या पट्ट्यात रबर संपून आतले धागे वर आले होते.

मी त्यांच्या शेजारी दगडावर बसलो. ट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रकबरोबर गवत आडवं होत होतं. मग अण्णांनी माझ्याकडे न बघता विचारलं, “खरं सांग. टायर मिळत न्हाय, का द्यायचा न्हाय?”

आमच्या घरात असं कुणी कधी विचारलं नव्हतं. वडिलांनी अण्णांना नाही, अण्णांनी आम्हाला नाही. ‘द्यायचा न्हाय’, एवढं पुरलं असतं. घरातल्या सगळ्यांचं तेच म्हणणं होतं, डॉक्टरांचंही, माझंही. आणि मी काय बोललो? मी कडक रबर आणि मऊ रबर सांगू लागलो. कुठला ओल्यात धरतो, कुठला टिकतो, पुढचा का बदलायला हवा, रबर कसं म्हातारं होतं. मी बोलतच राहिलो. अण्णांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि मी दमल्यावर म्हणाले, “बरं तर. मऊच घाल.”

गाडी चालवत न्यायची माझी ताकद नाही आणि त्यांना मी बसू दिलं नसतं. निपाणीतनं एक टेम्पो बोलावला. अण्णा पुढं बसायला तयार होईनात. दोरांनी बांधलेल्या गाडीशेजारी, मागच्या हौद्यात, हँडल धरून ते येळ्ळूरपर्यंत उभे राहिले. मी मागनं मोटार चालवत होतो आणि सगळी वाट मला त्यांची पाठ दिसत होती. माझ्या भावाची पाठ एवढी लहान कधी झाली, मला कळलंच नव्हतं.

टायर कोल्हापूरहूनच आले. मीच आणले, ताज्या सालाचे बघून, दोन्ही एका जातीचे. बसवणाऱ्यानं बजावलं, “नव्या रबराला वर तेलकटपणा असतो, सुरुवातीला हळू चालवा.” वहिनी माझ्याशी आठवडाभर बोलल्या नाहीत. “तुमास्नी एवढं बी जमलं न्हाय,” एवढंच त्या एकदा म्हणाल्या. ते खरंच होतं.

रविवार उजाडला. अण्णा पायजमा-स्वेटर घालून तयार होऊन आले. गाडीवर बसले, चालू केली. फणसाखाली सगळं अंगण घुमू लागलं. वहिनी आतच होत्या. मी मागच्या चाकाशी उभा होतो, कशासाठी ते मलाही ठाऊक नव्हतं. अण्णांनी गिअर टाकला नाही. हँडल धरून ते समोर बघत बसले आणि मग मान न वळवता म्हणाले,

“मागं हुबा हाईस न्हवं? ब्रेकचा दिवा लागलाय काय बघ.”

मागचा तांबडा दिवा भक्क लागला होता. “लागलाय, अण्णा.”

“बरं. आता पाय काढतो.” त्यांनी पाय काढला. म्हणजे, काढला असं त्यांना वाटलं. बुटाचं टोक तिथंच टेकलेलं मला दिसत होतं. “गेला?”

दिवा लागलेलाच होता. मी दिव्याकडे बघत राहिलो. ‘गेला’ म्हणालो असतो तर ते वेशीबाहेर पडले असते.

“न्हाय,” मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा पाय हलवला. या वेळी गुडघा जरा वर आला, बुटाचं टोक मात्र तिथंच. “आता?”

“न्हाय, अण्णा.”

गाडी नुसती धडधडत होती. त्यांनी वाकून आपल्या पायाकडे पाहिलं. दुसऱ्याची वस्तू बघावी तसं, बराच वेळ. मला वाटलं, ते मला ओरडतील. ओरडले असते तर किती बरं झालं असतं.

“आणि आता?” त्यांनी विचारलं. आवाज अगदी हळू होता.

माझे डोळे भरून आले होते आणि तांबडा रंग सगळीकडे पसरला होता, पण दिवा तर दिसतच होता. “न्हाय,” मी म्हणालो.

अण्णांनी किल्ली फिरवली. अंगण एकदम गप्प झालं. मग त्यांनी मागं हात केला, आधाराला, आणि मी तो धरला.